स्टेटस : अंडर रिव्ह्यू!

अर्ज गेलाय, फी भरलीये, आता आपल्या हातात काहीच नाही. उरतं ते फक्त वाट बघणं... आणि पोर्टलच्या प्रत्येक हालचालीत शकुन शोधणं! एमएसच्या अ‍ॅडमिशनसाठी तीन महिने जागून काढलेल्या एका पुणेकर इंजिनीअर मुलीची ही कबुली.

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. उशाशी ठेवलेला मोबाइल थरथरतो. डोळे नीट न उघडताच मी उठून बसते. ई-मेलचा विषय असतो, ‘तुमच्या अर्जाच्या स्टेटसमध्ये बदल झाला आहे.’ पोटात गोळा! घाईघाईत पासवर्ड दोनदा चुकतो. तिसऱ्यांदा पोर्टल उघडतं आणि तिथे हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं की, तुमची ट्रान्स्क्रिप्ट मिळाली, धन्यवाद.

बस्स. एवढंच. यासाठी मला उठवलं!

ही गोष्ट फेब्रुवारी २०२३ मधली. मी तेव्हा २५ वर्षांची होते. ई अँड टीसीची इंजिनीअर, २०२० ची बॅच. म्हणजे कोविडमुळे शेवटच्या वर्षाची परीक्षा घरी बसून दिलेली मंडळी. कॉलेजात शिकले सर्किट्स आणि सिग्नल्स, आणि कॅम्पसमधून लागले हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत, टेस्टिंगला. काम काय, तर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी इन्शुरन्सच्या फॉर्मवरचं ‘सबमिट’ बटण दाबल्यावर फॉर्म खरंच सबमिट होतोय का ते बघायचं. पगार वेळेवर, कॅन्टीन झक्कास, टीम मस्त. पण रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसलं की एकच विचार यायचा, ‘हेच करायचं होतं का आपल्याला?’

मला चिप डिझाइन करायचं होतं. म्हणून जीआरई दिली (तेव्हा ती पावणेचार तासांची होती, सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत आटोपते, नशीबवान आहात!). प्रोफेसरांच्या मागे लागून शिफारसपत्रं मिळवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात विद्यापीठांत अर्ज टाकले. दोन अ‍ॅम्बिशस, तीन मॉडरेट, दोन सेफ. ही वाटणी कुणी केली ते विचारू नका, एमएसला जाणारा प्रत्येक जण ती करतोच. अर्ज आणि स्कोअर पाठवण्यातच ६० हजारांच्या वर गेले. विद्यापीठांची नावं मात्र सांगणार नाही. सवयच लागलीये. तेव्हा नजर लागेल म्हणून सांगत नव्हते, आता काय कारण आहे कोण जाणे!

आणि मग माझाच फॉर्म ‘सबमिट’ झाला. पुढे काय, ते टेस्ट करायची सोय मात्र नव्हती.

तीन घड्याळं

वाट बघणं तसं कुणाला चुकलंय? पण माझ्या भिंतीवर एकाच वेळी तीन घड्याळं टिकटिकत होती.

पहिलं विद्यापीठांचं. ते आपल्याच तालात चालणारं.

दुसरं ऑफिसचं. आमचा मॅनेजर चांगला माणूस. फेब्रुवारीत त्याने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “नवीन प्रोजेक्ट येतोय, तुला टीम लीड करायचा विचार आहे. पण निदान दोन वर्षं तरी तू इथे हवीस. ३१ मार्चपर्यंत सांग.” मी “हो, सांगते” म्हणाले आणि बाहेर येऊन थेट पोर्टल उघडलं.

तिसरं घड्याळ बाबांचं. बाबा सरकारी खात्यात. ३१ मे २०२३ ला रिटायर होणार होते. शिक्षणासाठी ३५ लाखांचं कर्ज लागणार होतं आणि त्यासाठी चिंचवडचा आमचा वन बीएचके तारण ठेवायचा होता. बँकेतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की, वडील नोकरीत असतानाच फाइल पुढे सरकली तर बरं. एकदा पेन्शन सुरू झाली की पगाराचा आकडा राहणार नाही, मग प्रश्न वाढतील. आणि फाइल सरकवायला काय लागतं? अ‍ॅडमिशनचं पत्र!

म्हणजे एकीकडे प्रमोशन, दुसरीकडे बाबांचं आयुष्यभराचं घर आणि मधोमध मी, ‘रिफ्रेश’ बटणावर बोट ठेवून.

पाकीट जाड की पातळ?

माझ्या मामाने १९९२ मध्ये असेच अर्ज केले होते. त्या वेळी सगळा कारभार टपालाने. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारात तो रोज पोस्टमनची वाट बघत उभा राहायचा. त्याच्या जमान्यातलं शकुनशास्त्र एका वाक्याचं होतं. पाकीट जाड असेल तर घेतलं, पातळ असेल तर नाही घेतलं. कारण साधं होतं. नकार द्यायला एक कागद पुरतो. होकार द्यायचा तर सोबत आय-ट्वेंटी, होस्टेलचे फॉर्म, माहितीपत्रकं, असं सगळं बाड यायचं.

मामा म्हणतो, “पोस्टमनलासुद्धा कळायचं गं! पातळ पाकीट असलं की तो नजर न मिळवता देऊन जायचा. जाड असलं की पेढे मागायचा.”

आता पोस्टमन गेला आणि पाकीटही गेलं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, आय-ट्वेंटीसुद्धा ई-मेलने पाठवायला परवानगी मिळाली. होकार असो वा नकार, ई-मेलचा विषय तोच आणि जाडी तीच. पण शकुन शोधायची आपली हौस काही कमी झालेली नाही. उलट पूर्वी दिवसातून एकदाच पोस्टमन यायचा. आता तो खिशात बसलाय आणि दर मिनिटाला त्याला विचारता येतं, “माझं काही आहे का?”

अमेरिकेचं घड्याळ तोंडपाठ

दोन आठवड्यांत मला अमेरिकेच्या वेळा पाठ झाल्या. थंडीत न्यूयॉर्कच्या बाजूची ऑफिसं उघडतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि ती बंद होतात पहाटे साडेतीनला. कॅलिफोर्निया रात्री साडेदहाला उघडतं आणि सकाळी साडेसहाला मिटतं. म्हणजे दोन्हीकडे अर्ज केलेल्या माणसाने झोपायचं कधी? तर सकाळी साडेसहा ते साडेसात. पण तेव्हा कंपनीची बस!

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात. २०२३ मध्ये ती १२ मार्चला गेली. आम्ही त्या दिवशी एकमेकांना अक्षरशः शुभेच्छा दिल्या, कारण आता एक तास आधी कळणार होतं! सुट्ट्यासुद्धा पाठ. जानेवारीतला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंगचा, फेब्रुवारीतला तिसरा सोमवार प्रेसिडेंट्स डेचा. त्या रात्री निवांत झोपायचं, काही येणार नाही.

काही विद्यापीठं मात्र या बाबतीत भली. एमआयटीचंच बघा. बारावीनंतर पदवीला येणाऱ्या मुलांचे निर्णय ते अनेक वर्षं १४ मार्चला जाहीर करत आलेत. तिकडे तारीख लिहितात ३/१४, म्हणजे पाय! आणि वेळ संध्याकाळी ६.२८, म्हणजे पायची दुप्पट. आपल्याकडे तेव्हा १५ मार्चची पहाट, ३.५८. गणिताचा विनोद सोडा, पण त्या मुलांना निदान तारीख आणि मिनिट तरी माहीत असतं. एमएसवाल्यांच्या नशिबात तेही नाही. फेब्रुवारी ते एप्रिल, कधीही!

शकुनशास्त्र

व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ११ जणांचा ग्रुप होता. सगळे असेच, दिवसा ऑफिस आणि रात्री पोर्टल. त्या ग्रुपमध्ये जे सिद्धांत जन्माला आले, त्यांच्यावर पीएचडी करता येईल.

‘सबमिटेड’चं ‘अंडर रिव्ह्यू’ झालं की अर्ज प्रोफेसरांच्या टेबलावर पोचला. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना विद्यापीठाकडून काही आलं की आपलं नक्की. स्टुडंट आयडी मिळाला की झालंच काम. बँक बॅलन्सची कागदपत्रं मागितली की तर पेढेच! आणि एखाद्याला आपल्यानंतर अर्ज करून आपल्याआधी अ‍ॅडमिट आला की आपण संपलो.

यातला एक जण तर स्प्रेडशीट ठेवायचा. कुणाचा स्टेटस कधी बदलला, अमेरिकेत तेव्हा कुठला वार होता, किती दिवसांनी निर्णय आला. त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की मंगळवार आणि गुरुवार चांगले. आम्ही सगळे बीई झालेले, स्टॅटिस्टिक्स शिकलेले. अकरा माणसांच्या सॅम्पलवर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मंगळवारी उपास धरायचा तेवढा बाकी ठेवला.

माझी हालत काही वेगळी नव्हती. फेब्रुवारीअखेर एका सेफने हो म्हटलं. आनंद झाला, पण अर्धा. फी भरमसाठ आणि मला हव्या त्या विषयाची लॅब यथातथाच. घर तारण ठेवून जावं इतकं ते आहे का, हा प्रश्न होता. सगळा जीव अडकला होता एका अ‍ॅम्बिशसमध्ये. आणि ९ मार्चच्या रात्री तिथल्या पोर्टलवर एक नवीन टॅब उगवला, ‘फायनान्शियल डॉक्युमेंट्स’!

मी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत २३ मेसेज. ‘अ‍ॅडमिट आहे हा!’, ‘पार्टी कुठे?’, ‘नाकारणार असते तर पैशाचं कशाला विचारलं असतं?’ तर्क बिनतोड वाटला. सकाळी मी आईला हळूच सांगितलं. आईने लगेच शिरा केला, देवापुढे ठेवला आणि दुपारी शेजारच्या काकूंना विचारून आली की विमानात एका बॅगेत २३ किलोच नेता येतं ना?

दुसऱ्या दिवशी कळलं की आमच्यापैकी आणखी तिघांनी तिथे अर्ज केला होता आणि तिघांच्याही पोर्टलवर तोच टॅब आलाय. विद्यापीठाने सगळ्याच परदेशी अर्जदारांसाठी पोर्टलची मांडणी बदलली होती. पण एकदा शिरा खाल्ल्यावर माघार कशी घेणार? मी स्वतःला समजावलं, चौघांनाही घेणार असतील!

आत नक्की काय चालतं?

पुढे तिकडे शिकायला गेल्यावर आमच्या डिपार्टमेंटमध्ये अर्जांचं काम बघणाऱ्या एका बाईंशी ओळख झाली. एकदा कॉफी पिताना मी त्यांना आमचे सगळे सिद्धांत सांगितले. त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. मग त्यांनी समजावलं ते असं.

अर्ज आधी विद्यापीठाच्या ऑफिसात जातो. तिथे फक्त कागद पुरे आहेत का ते बघतात. पुरे असले की बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअरच स्टेटस बदलतं. ‘अंडर रिव्ह्यू’ म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, की अर्ज कम्प्लीट आहे. तो कुणी उघडलाय असं नाही. आयडी अनेक विद्यापीठं अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला देतात, फाइल ओळखायला. पैशाची कागदपत्रं काही जण अर्जाबरोबरच मागून ठेवतात, म्हणजे पुढे आय-ट्वेंटीला उशीर नको.

मग अर्ज डिपार्टमेंटकडे जातो. तिथले प्रोफेसर ते वाचतात, आपला वर्ग, संशोधन, परीक्षा सांभाळून. आधी बहुतेक पीएचडीवाल्यांचा नंबर लागतो, कारण त्यांना पैसे द्यायचे असतात. एमएसचे निर्णय गठ्ठ्यांनी जातात. पहिल्या गठ्ठ्यात आपण नाही म्हणजे नकार नव्हे, फक्त आपली फाइल दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. डिपार्टमेंट शिफारस करतं, ती पुन्हा वरच्या ऑफिसात जाते आणि तिथून अधिकृत पत्र निघतं.

मग १५ एप्रिलची एवढी चर्चा का? अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या परिषदेचा एक ठराव आहे. तो मान्य केलेली विद्यापीठं स्कॉलरशिप किंवा असिस्टंटशिप देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडत नाहीत. त्यामुळे बरेच जण शेवटपर्यंत थांबतात, आणि ते नाही म्हणाले की मागच्यांच्या जागा मोकळ्या होतात. वेटिंग लिस्ट हलते ती त्या सुमाराला. ज्यांना पैसे मिळणार नाहीत अशा एमएसवाल्यांना मात्र ही सवलत गृहीत धरता येत नाही. प्रत्येक विद्यापीठाची उत्तराची तारीख वेगळी, ती पत्रातच वाचायची.

आणि समजा, अगदी अभिनंदनाचा ई-मेल आला तरी? फेब्रुवारी २०१५ मध्ये कार्नेगी मेलनने कम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी नाकारलेल्या सुमारे ८०० जणांना चुकून ‘तुमची निवड झाली’ असं कळवलं. काही तासांनी दुसरा ई-मेल, माफ करा, चूक झाली! त्याआधी २००९ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने पदवीला नाकारलेल्या २८ हजारांच्या आसपास मुलांना स्वागताचा ई-मेल धाडला होता. आता बोला! जिथे साक्षात ई-मेल फिरतो, तिथे एका टॅबची काय कथा?

पहाटेचा चहा

१४ मार्च २०२३ ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप सुरू झाला. बाबा घरी. रिटायर व्हायला अडीच महिने राहिलेला माणूस, पण “माझ्या मागच्या पोरांसाठी” म्हणून संपात. त्यामुळे आठवडाभर त्यांना पहिल्यांदाच माझी दिनचर्या जवळून बघायला मिळाली. ते काही बोलत नव्हते. पेपर वाचत बसायचे.

१७ तारखेची रात्र. म्हणजे १८ ची पहाट, २ वाजून ४० मिनिटं. तिकडे शुक्रवार संपत आलेला. ई-मेल आला. पोर्टल उघडलं. पत्रातलं पहिलंच वाक्य ‘आम्हाला कळवायला खेद होतो’ असं. पुढचं वाचलंच नाही. लॅपटॉप मिटला आणि पाणी प्यायला बाहेर आले, तर बाबा स्वयंपाकघरात उभे.

“काय, आलं का?”

“नाही आलं.”

“नाही आलं म्हणजे अजून नाही आलं, की नाही म्हणून आलं?”

“नाही म्हणून आलं.”

बाबांनी मान हलवली. “चहा टाकतो.”

मी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं काहीतरी आलंय ते?”

“काही आलं नसलं की तू लॅपटॉप आपटून बंद करतेस. आज हळू मिटलास.”

मी बघतच राहिले. म्हणजे मी विद्यापीठाचे संकेत वाचत होते आणि घरात कुणीतरी माझे वाचत होतं! चहा उकळेपर्यंत माझं लक्ष भिंतीवरच्या कालनिर्णयकडे गेलं. चौकटींमध्ये दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलीने बारीक आकडे होते. ८२.३०, ८२.५५, ८२.४०... दुधाचे नव्हते ते. डॉलरचा भाव होता, रोजचा. जानेवारीपासून.

चहा घेताना बाबांनी एक गोष्ट सांगितली. २५ वर्षांत पहिल्यांदा. १९८३ मध्ये बारावीनंतर त्यांनी एका सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात अर्ज केला होता. वेटिंग लिस्टमध्ये तिसरा नंबर. यादी नोटीस बोर्डावर लागायची आणि ती बघायला गावाहून एसटीने जायचं, येताना दिवस मोडायचा. दोनदा गेले. यादी जिथल्या तिथे. तेवढ्यात आजोबांचं दुखणं निघालं आणि क्लार्कच्या नोकरीचा कॉल आला. ते रुजू झाले. महिन्याभराने एक मित्र भेटला आणि म्हणाला, “अरे, तुझं नाव लागलं होतं की!”

मला काय बोलावं सुचेना. बाबा मात्र निवांत. म्हणाले, “वाईट वाटलं तेव्हा. पण चूक कुठे झाली सांगू? नोकरी धरली ती चूक नव्हती, गरज होती. मी तारीखच ठरवली नव्हती. किती दिवस थांबायचं हे आधी ठरवलं असतं, तर निदान तिसऱ्यांदा बोर्ड बघून आलो असतो आणि मग मोकळ्या मनाने रुजू झालो असतो. यादी कधी लागणार ते कॉलेज ठरवणार. आपण कुठवर थांबायचं ते आपणच ठरवायचं. तू तारीख ठरव.”

“आणि घर?”

“घराचं मी ठरवलंय. ते तुझ्या यादीत नको.”

माझी तारीख

त्या पहाटे टेबलावर बसून आम्ही ठरवलं. तारीख ३१ मार्च, ऑफिसने दिलेलीच. तोपर्यंत तीन मॉडरेटपैकी एकही आलं नाही, तर सेफच्या मागे घर गहाण टाकायचं नाही. मॅनेजरला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. सरळ खरं सांगायचं, की मी पुण्यातच सी-डॅकचा व्हीएलएसआयचा पीजी डिप्लोमा करणार आहे, तोवर आहे. म्हणजे अमेरिका असो वा नसो, चिपकडे जायचंच. गंमत म्हणजे हे ठरल्यावर त्या रात्री मी चार तास सलग झोपले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा!

पुढचे दहा दिवस मी पोर्टल दिवसातून एकदाच उघडत होते. रात्री नऊला. पाडवा झाला. ग्रुपवर एका मॉडरेटचे अ‍ॅडमिट्स दोन आठवड्यांपूर्वीच येऊन गेले होते, म्हणून ते मी मनातून काढूनच टाकलं होतं.

२८ मार्च, मंगळवार. (स्प्रेडशीटवाला अजूनही याचं श्रेय घेतो.) रात्री आठ वाजून पाच मिनिटं, क्लायंटबरोबर कॉल सुरू. कोपऱ्यात ई-मेल आला, ‘अ‍ॅप्लिकेशन अपडेट’. ट्रान्स्क्रिप्ट मिळाली तेव्हाही हाच विषय होता, म्हणून कॉल संपेपर्यंत उघडलासुद्धा नाही. आठ वाजून ४० मिनिटांनी उघडला. तेच मॉडरेट, मी बाद ठरवलेलं. पहिला शब्द, ‘अभिनंदन’. तीन महिने मी जेवढे संकेत वाचले होते, त्यातला एकही या विद्यापीठाकडून आला नव्हता. त्याचा स्टेटस पहिल्या दिवसापासून ‘सबमिटेड’च होता. शेवटपर्यंत!

मी लॅपटॉप हळू मिटला. बाहेरून आवाज आला, “चहा टाकू का?”

पत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी बाबा बँकेत गेले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं, रिटायरमेंटच्या दहा दिवस आधी. ऑगस्टमध्ये मी गेले. त्या शैक्षणिक वर्षात, २०२३-२४ मध्ये, अमेरिकेत भारतातले ३,३१,६०२ विद्यार्थी होते आणि २००९ नंतर पहिल्यांदा आपण चीनला मागे टाकलं. त्या आकड्यातली शेवटची दोन मी समजते स्वतःला. एकाच सीटवर आम्ही दोघं गेलो होतो ना, मी आणि बाबा!

२०२५ मध्ये पदवी घेऊन मी पुण्यात परतले. आता बालेवाडीत एका चिप डिझाइन कंपनीत आहे. हप्ता चालू आहे, घर अजून बँकेकडे आहे, आणि सकाळी कामावर जायला आवडतं.

(चौकट)
संकेत आणि त्यांचे खरे अर्थ

‘अंडर रिव्ह्यू’ : कागद पुरे आहेत. प्रोफेसरांनी वाचलंय असं नाही.

स्टुडंट आयडी मिळाला : बऱ्याचदा सगळ्यांनाच मिळतो.

बँकेची कागदपत्रं मागितली : आय-ट्वेंटीची पूर्वतयारी. निर्णय नव्हे.

मित्राला आला, मला नाही : गठ्ठा वेगळा. कधी कधी ब्रँचही वेगळी.

डिपार्टमेंटने ‘तुमची शिफारस केली आहे’ असं कळवलं : हा मात्र खरा संकेत! तरीही अधिकृत पत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

(चौकट)
वाट बघताना...

* स्वतःची एक तारीख ठरवा आणि ती घरच्यांना सांगा.
* त्या तारखेनंतरचा दुसरा रस्ता आधीच लिहून ठेवा. तो ‘प्लॅन बी’ नसतो, तो आपलाच प्लॅन असतो.
* पोर्टल दिवसातून एकदा. वेळ ठरलेली. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत.
* कर्जाचे कागद (खरेदीखत, टॅक्स पावत्या, रिटर्न्स) आधीच गोळा करा. पत्र आल्यावर धावपळ नको.
* नकाराचं पत्र आलं तर ते एकट्याने वाचू नका. घरात कुणीतरी जागं असतंच.

ता. क. : परवा रात्री सव्वाबाराला माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती यंदा वाट बघतेय. दबक्या आवाजात म्हणाली, “ताई, पोर्टलवर एक नवीन टॅब आलाय. याचा काही अर्थ असतो का गं?”

मी तिला सगळं समजावून सांगणार होते. सॉफ्टवेअर, गठ्ठे, कार्नेगी मेलन, सगळं. तोंडातून निघालं एवढंच,

“स्क्रीनशॉट पाठव बघू!”